उजव्या चाकाची चावी

वसाहतीत त्याला सगळे कानसेन म्हणत. हुद्द्यानं तो हेड फिटर, पण हुद्दा कागदावर. लोकांच्या तोंडी कानसेन. कुठलंही यंत्र बिघडलं की हा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेई, टोक यंत्राला टेकवी, मूठ स्वतःच्या कानाला लावी, डोळे मिटी आणि मिनिटभरात सांगून मोकळा होई, की बेअरिंग गेलंय, की पट्टा सैल आहे, की काहीएक झालेलं नाही आणि चालवणाऱ्याला सुट्टी हवी आहे. दहात नऊ वेळा तो बरोबर निघायचा. ही गोष्ट दहाव्या वेळेची आहे.

मुदतीच्या बरीच आधी निवृत्ती घेऊन त्याला वर्ष झालं होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लोकांचे पंप, करवती, गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसे. एका सकाळी शेडसमोर टेम्पो थांबला आणि त्यातून त्याची भाची उतरली. थोरल्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. तिची स्वतःची रोपवाटिका होती आणि तिथं ती एकटी दहा जणांचं काम ओढायची. टेम्पोत मागे दोरांनी जखडलेला एक बुटका, जुना बागेचा ट्रॅक्टर होता. सीट फाटलेली, रंग उडालेला आणि इंजिनाच्या झाकणावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: निकामी. अक्षर फिटरचंच होतं.

"हे धूड कुठून उचलून आणलंस?"

"वसाहतीचं गोदाम रिकामं करतायत. भंगारवाल्याच्या आधी मी पोचले. इंजिन ठीक आहे म्हणतात, फक्त गिअरबॉक्स गेलाय. तूच सांगितलं होतंस ना, मामा?"

"मीच सांगितलं होतं."

"मग दुसरा कुठून तरी मिळव आणि बसव. नाहीच जमलं तर तसं सांग. पण जमव." मग तिनं आवाज उतरवला, जसं काही शेडमधले पंप जाऊन चुगली करणार होते. "बाबांना सांगितलेलं नाही. एकदा त्यांना याच्यावर बसलेलं बघायचंय मला. वसाहतीच्या गेटवर ड्यूटीला घातल्यापासून माणूस नुसता खुर्चीत बसून असतो. स्कूटर विकली. सायकल देऊन टाकली. आई म्हणते, रस्ता ओलांडायचा तर तिचा हात धरतात."

"रुसलेत ते," फिटर म्हणाला. "माझ्यावर. सात वर्षं झाली."

"तुझ्यावर? तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढत नाहीत ते."

"न बोलणं हाच तर रुसवा."

भाची हसली, दोर सोडायला लागली, आणि दोघांनी मिळून तो ट्रॅक्टर फळ्यांवरून खाली घेतला. उतरवताना फिटरनं मागची कांडी आठवणीनं ओढली. त्या कांडीबद्दल सांगायचं तर सात वर्षं मागे जायला हवं.

भाचीचे बाबा म्हणजे फिटरचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. वसाहतीच्या हिरवळी एकोणीस वर्षं त्यांच्या ताब्यात होत्या. त्यांनी गवत कापलं की मैदानावर पट्टे उठत, एक फिका, एक गडद, आणि एखादा पट्टा वीतभर वाकडा गेला तर त्या दिवशी भाऊजींना जेवण गोड लागत नसे. माणूस कष्टाळू, सरळ, पण सांगण्याची खोड भारी. फिटर पंधरा वर्षांचा असताना ताईचं लग्न झालं, आणि तेव्हापासून भाऊजी त्याला सांगत आले होते. कानस सपाट धर. पानात टाकू नकोस. चालताना खाली बघ. वसाहतीत नोकरीही त्यांनीच लावली. साहेबांसमोर उभं करून म्हणाले, "हा माझा मेव्हणा. हात चांगला आहे." ठीक आहे, उपकार झाले. पण वीस वर्षांनी हा हेड फिटर झाला, हाताखाली सहा माणसं आली, तरी नव्या माणसाला ओळख करून देताना भाऊजी म्हणायचे, "हा माझा मेव्हणा. मीच लावला इथं." घरी ताईकडे गेलं की भाऊजी वरच्या खुर्चीत आणि हा स्टुलावर. ते नात्याला धरून होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण कामावरही माणसानं स्टुलावरच बसायचं का, असं त्याला वाटे, आणि हे वाटणं तो कुणाला बोलून दाखवत नसे. न बोललेलं साचत जातं.

सात वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी ट्रॅक्टर मैदानाच्या कडेला अडकला. इंजिन चालू, पण चाकं जागची हलेनात. दुसऱ्या दिवशी वरची मंडळी पाहणीला येणार होती, त्यामुळे साहेब स्वतः उन्हात येऊन उभे. चार माळी भोवती. फिटर स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. आला आणि सवयीनं आधी मागच्या उजव्या चाकाकडेच वाकला, कारण तिकडे ट्रॅक्टर किंचित कलल्यासारखा दिसला. तेवढ्यात भाऊजी म्हणाले,

"उजव्या चाकाकडं बघ. टक् असं वाजलं तिथं, एकदाच. आधी चाकाची टोपी काढून बघ."

सांगणं बरोबर होतं. पण सूर तो होता, कानस सपाट धर म्हणण्याचा, आणि साहेब ऐकत होते, माळी ऐकत होते. फिटर अर्धा वाकलेला सरळ झाला. चाक सोडून गिअरबॉक्सकडे गेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. काय ऐकू आलं? काही नाही. आपलंच रक्त कानात वाजत होतं.

आता ती कांडी. हा ट्रॅक्टर तेलाच्या दाबावर चालणारा. बंद असताना हातानं ढकलायचा तर मागची एक कांडी ओढून गिअरबॉक्स मोकळा करावा लागतो; नाही केला तर आतला पंप बिघडण्याची भीती. नव्या माळ्यांना हे भाऊजींनीच शंभरदा सांगितलेलं. फिटरला तेच हत्यार हाताशी सापडलं.

"भाऊजी, नाचता येईना अंगण वाकडं," तो मोठ्यानं म्हणाला. "चाकात काय बघायचंय? कांडी न ओढता ढकललात ना याला? गिअरबॉक्स फुटलाय."

माळी हसले. साहेबही थोडं हसले. भाऊजींनी एकदा कांडीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ज्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नसे, तो गप्प झाला. आणि खरं सांगायचं तर फिटरला ते गोड वाटलं. खूप गोड वाटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण ती टाळ्याला लागल्यावर जी चव आली ती तो आठवडाभर चघळत होता.

पुढचं सगळं आपोआप झालं. इतक्या जुन्या यंत्राचा गिअरबॉक्स कुठे मिळेना. ट्रॅक्टर गोदामात गेला, त्यावर निकामी लिहायचं काम फिटरकडे आलं. नवं यंत्र आलं, त्यावर नवा तरुण चालक आला. बेफिकिरीचा शेरा बसलेल्या जुन्या माणसाच्या हाती नवं यंत्र कोण देणार? भाऊजींना गेटवरच्या खोलीत बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे, दांडी वर करायची, खाली करायची. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं त्यांनी ते केलं. फिटर रोज सकाळी त्याच दांडीखालून आत जाई. ते मान हलवत, हा मान हलवे.

त्याला शंका आली नव्हती असं नाही. पहिल्याच संध्याकाळी आली होती. उद्या टोपी काढून बघू, असं तो म्हणालाही स्वतःशी. पण उद्या बघितलं आणि चाकातच निघालं, तर? मग परवा. मग ट्रॅक्टरसमोर पोत्यांची थप्पी लागली आणि बघणं आणखी लांबलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असेल तर चोराचा पत्ता शोधायला कोण जातो?

तो ट्रॅक्टर आता त्याच्याच शेडमध्ये उभा होता. भाची गेल्यावर त्यानं कामाला सुरुवात केली, आणि सुरुवात मुद्दाम लांबून केली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर सोडवून धुतला, प्लग बदलला. बॅटरी जोडली. इंजिन चौथ्या झटक्याला धरलं. पट्टा बघितला, जुना पण शाबूत. पट्टा ताणणारी स्प्रिंग जागेवर. गिअरबॉक्सच्या डोक्यावरची कप्पी व्यवस्थित फिरत होती. म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचत होती. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, पुढे जायच्या पेडलवर वीट ठेवली. दोन्ही मागची चाकं हवेत, आणि दोन्ही गप्प.

त्यानं स्क्रूड्रायव्हर गिअरबॉक्सला टेकवला आणि कानाला लावला. या वेळी खरोखर ऐकलं. आत एकसुरी, स्वच्छ गुणगुण होती. फुटलेला पंप असा वाजत नाही. तो खरडतो, धापा टाकतो. फिटरनं इंजिन बंद केलं. मग उठून गिअरबॉक्समधलं थोडं तेल काढलं, बोटांत चोळलं, उजेडात धरलं. जुनं, काळपटलेलं तेल, पण त्यात धातूची चकाकी नव्हती, कणसुद्धा नव्हता.

आता टोपी सोडून बघायला काही उरलं नव्हतं. ताटाएवढ्या चाकाच्या मधोमध वाटीएवढी काळी प्लास्टिकची टोपी. तिला पकड नाही, बोल्ट नाही. नखानं उचकटली की निघते. त्यानं ती काढली आणि तांबूस भुगा त्याच्या गुडघ्यावर सांडला. आत क्लिप होती, वॉशर होता, आणि मधे दांड्याचं टोक. त्यानं खडूनं दांड्याच्या टोकापासून चाकापर्यंत एक सरळ रेघ मारली आणि इंजिन चालू केलं. रेघ मधोमध तुटली. दांडा गरगर फिरत होता, चाक जागच्या जागी.

दांड्याला चाकाशी जखडून ठेवणारा बोटाच्या पेराएवढा चौकोनी लोखंडी तुकडा असतो. कारखान्यात त्याला चावी म्हणतात. दांड्यात एक खाच, चाकात एक खाच, आणि दोन्हींत मिळून ही चावी बसते. ती तुटली की दांडा एकटाच फिरतो. आणि मागच्या दोन चाकांमधली रचना अशी असते, की एक बाजू सुटली की सगळी फिरकी तिकडेच पळते. दुसरं चाक धडधाकट असूनही हलत नाही. म्हणून वाटतं, गिअरबॉक्सच गेला. हे नवशिक्याला वाटतं. हेड फिटरला वाटू नये.

त्यानं चाक ओढून काढलं. खाचेत चावीचे दोन तुकडे होते, घासून गुळगुळीत झालेले. एकदाच टक् वाजलं असणार, अगदी एकदाच. काखेत कळसा होता आणि गावाला वळसा घालायचीही तसदी त्यानं घेतली नव्हती. टोपी काढल्यापासून दहा मिनिटं झाली होती.

दुरुस्ती दुपारपर्यंत उरकली. दांडा आणि चाकाचं भोक पॉलिश पेपरनं घासून गंज काढला, चावीच्या पोलादाची पट्टी कापून कानशीनं जागेवर बसेल इतकी घासली, ग्रीस लावून चाक चढवलं, वॉशर, क्लिप, टोपी. ट्रॅक्टर घोड्यांवरून उतरवला आणि अंगणात चालवून बघितला. तो असा निघाला, की जणू सात वर्षं कुणी नुसतं पेडल दाबायची वाट बघत उभा होता. मग फिटरनं रॉकेलचा बोळा घेऊन झाकणावरचं निकामी पुसायला घेतलं. रंग चांगला मुरला होता; अर्धा तास गेला.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. "काय झालं?"

"चालतोय."

"चालतोय? एका दिवसात? गिअरबॉक्सचं काय केलंस?"

फिटरनं तोंड उघडलं. सांगायचं होतं. पण तीच पुढे बोलत सुटली, "मामा, तू म्हणजे ना, कमाल आहेस. मेलेला गिअरबॉक्स जिवंत केलास. आईला सांगते मी, तिचा भाऊ काय चीज आहे ते." आणि तो म्हणाला, "बरं, रविवारी टेम्पो घेऊन ये." झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं काय बिघडणार होतं? ट्रॅक्टर चालत होता, पोरगी खूश, भाऊजींना त्यांचं वाहन मिळणार. झालंच तर रुसवाही जाईल. तीन दिवस तो स्वतःला हेच समजावत होता. ज्याला इतकं समजवावं लागतं त्याला ते पटलेलं नसतं, पण रविवार उजाडेपर्यंत त्यानं निभावून नेलं.

रविवारी सकाळी त्यांनी ट्रॅक्टर ताईच्या अंगणात उतरवला. भाऊजी व्हरांड्यात खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, उठून उभे राहिले, पण पायऱ्या उतरून खाली आले नाहीत. आवाज ऐकून ताई कपबशांचा ट्रे घेऊनच बाहेर आली.

"हा इथं कसा?" भाऊजींनी विचारलं.

"मी आणलाय," भाची म्हणाली. "मामानं मेलेला गिअरबॉक्स जिवंत केला, बाबा. एका दिवसात."

भाऊजींनी फिटरकडे पाहिलं. फिटर त्या नजरेला घाबरून होता. सात वर्षांचा राग कधीतरी बाहेर पडणार, आज पडेल, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. पण त्या नजरेत राग नव्हता. ते त्याच्याकडे असे बघत होते, जसं कुणी त्यांची हरवलेली वस्तू परत आणून दिली होती.

"फार त्रास झाला असेल तुला," ते म्हणाले. "आत सगळा चुरा झाला असेल ना?"

फिटरनं उजव्या चाकाच्या टोपीवरून अंगठा फिरवला.

"मीच मारला होता तो." भाऊजी खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "इतकी वर्षं कुणाला बोललो नाही, आज बोलतो. त्या दिवशी सकाळी शेडच्या पत्र्यातून रात्रीच्या पावसाचं पाणी गळत होतं, नेमकं सीटवर. म्हणून घाईत आत सरकवला. दहा-बारा पावलं असतील. कांडी ओढायची विसरलो. एकोणीस वर्षांत एकदा. मला आठवणही नव्हती, पण तू सगळ्यांसमोर ते म्हणालास आणि माझ्या काळजात धस्स झालं. याला नुसतं कान लावून कळलं. म्हटलं, शंभर जणांना शिकवलं आणि स्वतःच विसरलो. मग हाताचा भरवसाच गेला रे. स्कूटरवर बसलं की वाटायचं, काहीतरी विसरलोय. ब्रेक, इंडिकेटर, काहीतरी. म्हणून विकून टाकली."

म्हणजे रुसवा नव्हताच. चार वर्षं गेटवर मान हलवणारा माणूस त्याच्यावर चिडलेला नव्हता. स्वतःचीच शरम वाटून घेत होता. यानं अंधारात दगड मारला होता आणि तो बसला होता एका खऱ्या चुकीवर, जिचा बिघाडाशी काडीचा संबंध नव्हता. अजूनही गप्प बसता आलं असतं. उलट आता तर गप्प बसणं अगदी सोपं होतं. आरोपीनंच कबूल केलं होतं.

"भाऊजी," तो म्हणाला, "गिअरबॉक्स फुटलाच नव्हता."

भाची हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली.

"उजव्या चाकाची चावी तुटली होती. एवढीशी." त्यानं बोटाचं पेर दाखवलं. "गिअरबॉक्स आतून स्वच्छ आहे. तुम्ही ढकललात त्यानं त्याला काही झालेलं नाही."

"पण तू बघितलं होतंस."

"नव्हतं बघितलं."

"कान लावला होतास. मी समोर होतो."

"लावला होता. ऐकलं काहीच नव्हतं."

भाऊजी खुर्चीत बसले. "लोक म्हणायचे मला," ते हळू बोलले, "तुमच्या मेव्हण्यानं तुमच्यावर आळ घेतला. मी त्यांना सांगायचो, आळ कसला, तो बघितल्याशिवाय बोलत नाही. गेटवर बसून हेच सांगायचो सगळ्यांना."

ताईनं ट्रे कठड्यावर ठेवला. "मी यांना भित्रे म्हणायचे," ती म्हणाली. "स्कूटर विकली तेव्हा. दोन वर्षं घालूनपाडून बोलत होते." हे ती कुणाला म्हणाली कळलं नाही. भावाकडे तिनं बघितलं नाही एवढं खरं.

"किती वेळ लागतो रे, टोपी काढून बघायला?" भाऊजींनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"मी तुला चाकच सांगितलं होतं."

"हो."

"मग का नाही बघितलंस?"

उत्तरं पुष्कळ होती. साहेब घाई करत होते. पाहणी होती. ऊन होतं. ट्रॅक्टर जुना होता, कधीतरी जाणारच होता. सात वर्षांत फिटरनं ती सगळी घासूनपुसून तयार ठेवली होती, आणि त्यातलं एकही जिभेवर येईना.

"तुम्ही सांगितलंत म्हणून," तो म्हणाला. "मी चाकाकडेच वाकलो होतो. तुम्ही सांगितलंत म्हणून उठलो."

भाचीनं मामाकडे पाहिलं. त्या बघण्यात टेलिफोनवरचं कौतुक कुठे शोधूनही सापडलं नसतं, आणि फिटरला वाटलं, चार शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात; इथं झोपा करायला येणाराच बैल हाकलून देणारा होता.

"बाबा," शेवटी भाची म्हणाली, "एकदा बसा ना. माझ्यासाठी."

भाऊजी उठले. कठडा धरून पायऱ्या उतरले, ट्रॅक्टरपाशी आले, मागच्या पत्र्यावर तळहात ठेवून जरा थांबले. मग बसले. भाचीनं इंजिन चालू करून दिलं. त्यांनी स्टीअरिंग धरलं, खाली पायांकडे पाहिलं आणि फिटरला विचारलं,

"पुढं जायचं पेडल उजवंच ना?"

एकोणीस वर्षं. डोळे मिटून चालवला असता तरी पट्टा सरळ आला असता.

"हो, भाऊजी," फिटर म्हणाला. "उजवंच."

त्यांनी पेडल दाबलं. ट्रॅक्टर निघाला, गुळगुळीत, खडखड न करता, दोन्ही चाकं सारखी फिरवत. वीसेक पावलं गेला. पुढे कंपाउंडची भिंत होती, चांगली दूर, मधल्या जागेत अजून तीन ट्रॅक्टर मावले असते. भाऊजींनी ब्रेक दाबला, इंजिन चालू ठेवूनच उतरले आणि मुलीला हाक मारली.

"तू घे. मला भिंत जवळ वाटते."

भाची बसली आणि ट्रॅक्टर वळवून फाटकाबाहेर घेऊन गेली. भाऊजी सावकाश परत आले. पायरीशी फिटर उभा होता, त्याच्याजवळ ते थांबले. थकलेल्या माणसासारखे बोलले, रागावलेल्या नाही.

"मी नाही बघत, एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी स्वतः काढून बघितली असती टोपी. तेव्हा मला येत होतं ते."

मग त्यांनी हात पुढे केला. फिटरला क्षणभर कळेना, हा हात कशासाठी. पायऱ्या चार होत्या आणि भाऊजींना वर जायचं होतं. त्यानं तो हात धरला.